कानामागून आलेलं यंत्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेली सहा वर्षं माझा दिवस एकाच कामाने संपतो. दोन्ही कानांमागची यंत्रं काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, नखाने त्यांची बॅटरीची दारं उघडायची आणि डबीत ठेवायची. दार उघडताना 'टक्' असा आवाज होतो म्हणे. मला तो ऐकू येत नाही, कारण तोवर यंत्र कानावरून उतरलेलं असतं. बोटाला कळतो, एवढंच.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी हे यंत्र कानावर चढलं तेव्हा जुन्या सवयीने त्याचाही इतिहास वाचायला घेतला. मला वाटलं होतं, थोर शोधकांच्या गोष्टी सापडतील. त्या सापडल्याच. पण जास्त जागा व्यापली होती ती घामाने, ओलीने आणि सेलने. आणि ते वाचता वाचता आमच्या घरातली एक गोष्ट, जी मी तीस वर्षं कपाटात ठेवून दिली होती, ती बाहेर काढावी लागली.

सुरुवात राजापासून करतो, कारण त्या राजाचा आपल्या गोव्याशी संबंध आहे. पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव हा 1816 ते 1826 या काळात गादीवर होता, म्हणजे त्या वेळी गोव्याचाही तोच धनी. त्याला ऐकू कमी येई. 1819 साली लंडनच्या एफ. सी. राइन या कारागिराने त्याच्यासाठी एक सिंहासन तयार केलं. खुर्चीचे दोन्ही हात सिंहाच्या आकाराचे, सिंहांचे जबडे उघडे. बोलणाऱ्याने गुडघे टेकून सिंहाच्या जबड्यात बोलायचं. तो आवाज पोकळ हातांतून बैठकीखालच्या पेटीत जायचा आणि तिथून एका नळीवाटे राजाच्या कानाशी पोहोचायचा. राजाला ऐकू येत नाही हे झाकलं गेलं आणि दरबारी माणूस गुडघ्यावरही आला! आपलं बहिरेपण दुसऱ्याच्या अदबीत लपवायची अशी सोय पुन्हा कुणाला मिळाली असेल असं वाटत नाही.

बेथोव्हेनच्या वाट्याला सिंह आले नाहीत. व्हिएन्नातल्या मेल्झेलने, म्हणजे संगीतातला मेट्रोनोम ज्याच्या नावाशी जोडला गेला त्यानेच, 1812 ते 1814 च्या सुमारास त्याला पत्र्याचे कर्णे करून दिले. जर्मनीतल्या बॉन शहरात बेथोव्हेनच्या जन्मघरी ते आजही ठेवलेले आहेत. पण 1818 पासून त्याच्याकडे येणारी माणसं आपलं म्हणणं वहीत लिहून देऊ लागली होती. कर्ण्याची ताकद तेवढीच. तो आवाज गोळा करतो, नवीन आवाज निर्माण करत नाही. मात्र एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. कर्ण्याला सेल लागत नाही आणि तो घामाने बिघडत नाही.

विजेचं यंत्र आलं ते टेलिफोनच्या पाठोपाठ. अलेक्झांडर ग्रॅहम बेलची आई कानाने अधू होती आणि पत्नी मेबल ही लहानपणीच्या तापात पूर्ण बहिरी झालेली. बहिऱ्या मुलांना शिकवणं हा बेलचा मूळ पेशा. 1876 साली त्याने टेलिफोनचं पेटंट घेतलं. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी अमेरिकेतल्या मिलर रीज हचिसन या तरुणाने टेलिफोनच्याच तत्त्वावर कानाचं यंत्र तयार केलं. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा हिने ते वापरलं आणि हचिसनचं नाव झालं. याच गृहस्थाने पुढे मोटारीचा कर्कश भोंगाही काढला. आधी कान फोडायचे आणि मग यंत्र विकायचं, असा विनोद त्याच्यावर केला जाई.

हचिसनच्या यंत्रातल्या मायक्रोफोनमध्ये कोळशाची बारीक भुकटी असे. आवाजाने ती दाबली-सुटली की विजेचा प्रवाह कमीजास्त व्हायचा. ही भुकटी दमट झाली किंवा एका जागी बसली की गोळा होऊन राही. मग यंत्रावर बोटाने टिचकी मारून ती मोकळी करावी लागे. आपल्याकडे जुन्या काळ्या टेलिफोनचा रिसीव्हर टेबलावर आपटणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

1920 नंतर व्हॉल्व्हची, म्हणजे निर्वात नळ्यांची यंत्रं आली. आवाज सुधारला, पण वजन वाढलं. सुरुवातीचं यंत्र हातात पेटी घेऊन मिरवण्यासारखं होतं. नळीची तार तापवायला एक बॅटरी आणि वरचा दाब द्यायला दुसरी, अशा दोन बॅटऱ्या लागत. लोक त्या कमरेला किंवा मांडीला पट्ट्याने बांधत. दुसऱ्या महायुद्धात या यंत्रांसाठी विकसित झालेल्या चिमुकल्या नळ्यांचं तंत्र तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये वापरलं गेलं. ऐकण्यासाठी केलेली वस्तू तोफेच्या तोंडी गेली. युद्ध संपल्यावर बॅटरी आणि नळ्या लहान होऊन सगळं एका खिशात मावू लागलं.

मग ट्रान्झिस्टर. 1947 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्याचा जन्म झाला. ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्या पिढीला रेडिओ आठवतो. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकणारे आमच्यासारखे लोक तर त्या रेडिओलाच 'ट्रान्झिस्टर' म्हणत. पण सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती ट्रान्झिस्टर पहिल्यांदा आला तो रेडिओतून नव्हे, तर कानाच्या यंत्रातून. 1952 च्या डिसेंबर अखेरीस सोनोटोन कंपनीचं 1010 क्रमांकाचं यंत्र बाजारात आलं, त्यात दोन नळ्या आणि एक ट्रान्झिस्टर होता. किंमत 229 डॉलर 50 सेंट. पुढच्याच वर्षी सगळेच ट्रान्झिस्टर असलेली यंत्रं निघाली. कानाच्या यंत्रासाठी ट्रान्झिस्टर वापरणाऱ्यांकडून हक्काचे पैसे घ्यायचे नाहीत, असं बेलच्या स्मरणार्थ ठरलं होतं. व्यापाराच्या इतिहासात असा उदार निर्णय फार वेळा सापडत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

ट्रान्झिस्टरला वीज अगदी थोडी लागते. ज्या माणसाला महिन्याला बॅटरीवर खर्च करावा लागे, त्याच्या खिशाला हा फरक लगेच जाणवला. पण त्या पहिल्या यंत्रांनी एक फजिती करून ठेवली. प्रयोगशाळेत उत्तम चालणारे ट्रान्झिस्टर माणसाच्या अंगावर गेल्यावर काही आठवड्यांत मान टाकू लागले. कारण शोधलं तर निघाली अंगाची ऊब आणि ओल. आवरणातून दमटपणा आत शिरत होता. पुढे आवरणं हवाबंद केली तेव्हा कुठे ही यंत्रं टिकू लागली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

कारण आमच्या अण्णांचं यंत्र.

आमचं घर रत्नागिरीचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. 1979 साली मी त्यांना मुंबईला नेऊन एका दुकानातून कानाचं मशीन घेऊन दिलं. काडेपेटीपेक्षा मोठा चौकोनी डबा, त्यात एक पेन्सिल सेल, डब्यातून निघणारी वायर आणि तिच्या टोकाला कानात घालायचं बटण. दुकानदाराने आवाज कमीजास्त करायची चकती दाखवली, पैसे घेतले, पावती दिली. या डब्याचं रोज काय करायचं, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

अण्णा डबा सदऱ्याच्या खिशात ठेवत. मायक्रोफोन डब्यात, म्हणजे कान कुठेही असले तरी ऐकायचं छातीने. कुणी उजवीकडून बोललं की ते सगळे छातीसकट वळत. सदऱ्याचं कापड डब्यावर घासलं की त्यांना खरखर ऐकू येई. स्वयंपाकघरात आईने ताटल्या ठेवल्या की ते दचकत. "अहो, मी हळूच ठेवली," असं आई म्हणायची, तर ते म्हणत, "हळू ठेवलेलीच ऐकू येते. तुझं बोलणं तेवढं येत नाही." आम्ही हसायचो. आता कळतं की ते अगदी शास्त्रशुद्ध बोलत होते. त्या काळची साधी यंत्रं लहान-मोठे सगळेच आवाज सारख्या पटीने वाढवत, मग भांड्याचा आवाज माणसाच्या शब्दावर मात करणारच.

1983 च्या पावसाळ्यात ते यंत्र बंद पडलं. कोकणातला आषाढ, भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांवरही बुरशी. नवीन सेल घातला, आवाज नाही. दुरुस्तीला मुंबई. मी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत नेऊ. दिवाळीत आणखी काही तरी निघालं. अण्णांनी डबा फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि पुन्हा विषय काढला नाही. ते 1989 साली गेले. शेवटची सहा वर्षं आम्ही त्यांच्याशी मोठ्याने आणि कमीत कमी शब्दांत बोललो. 'जेवायला चला', 'औषध घेतलंत का', 'पत्र आलंय'. त्यापलीकडचं बोलणं हळूहळू थांबलं होतं. वय झालं की माणूस अबोल होतो, अशी आम्ही समजूत घालून घेतली.

आता कानामागच्या यंत्राकडे वळतो. ट्रान्झिस्टरमुळे यंत्र इतकं लहान झालं की ते खिशातून वर चढू लागलं. 1954-55 च्या सुमारास अमेरिकेत चष्म्याच्या काडीत बसवलेली यंत्रं आली. चष्मा लावायची लाज कमी, यंत्राची जास्त, म्हणून एकाच्या आड दुसरं. त्याच दशकाच्या मध्यावर काडी वगळून नुसतं कानामागे बसणारं, भाजलेल्या काजूच्या आकाराचं यंत्र निघालं. 1964 साली झेनिथ कंपनीने इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे आपण ज्याला चिप म्हणतो ती घातलेलं यंत्र विकायला काढलं. चिप असलेली ती पहिली ग्राहकोपयोगी वस्तू मानली जाते. संगणक, कॅल्क्युलेटर, मोबाइल हे सगळे नंतरचे. पहिला ट्रान्झिस्टरही बहिऱ्यांच्या खिशात आणि पहिली चिपही बहिऱ्यांच्या अंगावर, ही गोष्ट मी वर्गात कधी शिकवली नाही याची आता चुटपुट लागते.

सामान्य माणसापर्यंत हे यंत्र पोहोचायला मात्र वेळ लागला. ब्रिटनमध्ये 1948 साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा 'मेड्रेस्को' नावाचं खिशातलं यंत्र लोकांना फुकट मिळू लागलं. पण त्या सेवेतून कानामागचं यंत्र मिळायला 1974 साल उजाडलं. आपल्याकडे म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था 1965 ची, तर मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था 1983 ची, म्हणजे अण्णांचं यंत्र बंद पडलं त्याच वर्षाची. तशी मुंबई या बाबतीत मागासलेली नव्हती. बहिऱ्या मुलांची देशातली पहिली शाळा मुंबईतच, 1885 च्या सुमारास सुरू झाली होती. पण शाळा मुलांसाठी होती. साठीनंतर ज्याचे कान गेले, त्याने ते नशिबाचे भोग म्हणून सोसायचे, अशी रीत.

मायक्रोफोन कानापाशी आला आणि अण्णांची छातीने ऐकण्याची कसरत संपली. मान वळवली की त्या दिशेचं ऐकू येतं. पण एक नवी कटकट सुरू झाली, ती शिट्टीची. खिशातल्या यंत्रात मायक्रोफोन छातीवर आणि आवाज सोडणारं बटण कानात, दोघांत हातभर अंतर. कानामागच्या यंत्रात हे अंतर दोन बोटांवर आलं. कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर आला की मायक्रोफोन तोच पुन्हा उचलतो आणि यंत्र कुई कुई करू लागतं. म्हणून प्रत्येकाच्या कानाचा ठसा घेऊन त्याचा साचा, ज्याला सगळे 'मोल्ड' म्हणतात, तो करावा लागतो. यंत्र शिट्टी मारतं म्हणजे ते बिघडलं, असं समजून ते परत करणारे लोक मी पाहिले आहेत. बहुतेक वेळा मोल्ड नीट बसलेला नसतो, नाही तर कानात मळ साठलेला असतो. मोल्ड सैल झाला असेल तर नवा करून घ्यावा लागतो. लहान मुलांचा तर कान वाढतो तसा मोल्ड वरचेवर बदलावा लागतो.

सहा वर्षांपूर्वी मी ऑडिओलॉजिस्ट बाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी तपासणीला जितका वेळ घेतला, जवळजवळ तितकाच यंत्र हाताळायला शिकवण्यात घेतला. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. मोल्ड नळीसकट यंत्रापासून सुटा करायचा आणि साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा. यंत्राला मात्र पाण्याचा थेंब लावायचा नाही. नळीत पाणी राहिलं तर रबरी फुग्याने हवा मारून उडवायचं, कारण नळीत अडकलेला एक थेंब सगळा आवाज अडवतो. नळी पिवळी आणि कडक झाली की काही महिन्यांनी बदलायची. तेल लावून, केस विंचरून, पावडर लावून झाली की मग यंत्र चढवायचं, आधी नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "आजोबा, आता मला बॅटरीचं दार उघडून दाखवा." माझी जाड बोटं दोनदा घसरली. तिसऱ्यांदा उघडलं. "रात्री हे असंच उघडं ठेवायचं," त्या म्हणाल्या, "बॅटरी वाचते आणि आतली ओल बाहेर जाते."

त्या रात्री मी गावाला भावाला फोन केला आणि अण्णांचा डबा पुढच्या माणसाबरोबर पाठवायला सांगितलं. डबा आला. मागचं झाकण नखाने सरकवलं. शेवटचा सेल आतच होता, फुटून चिकटलेला. स्प्रिंगवर पांढरट-हिरवी पपडी. पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन मी स्प्रिंग आणि समोरची पट्टी घासली, बाजारातला साधा पेन्सिल सेल घातला आणि चकती फिरवली. बटणातून आधी खर्र आवाज आला. मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, अगदी क्षीण. 1983 मध्येही एवढंच झालं असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तेव्हा कदाचित वायर तुटली असेल, कदाचित दमट हवेने आणखी काही धरलं असेल. पण झाकण उघडून कुणी स्प्रिंग पाहिली नव्हती. निदान मी तरी पाहिली नव्हती.

आज मी वापरतो ती बॅटरी चण्याच्या दाण्याएवढी. ती झिंक-एअर जातीची, 1977 पासून कानाच्या यंत्रात आलेली. त्याआधीच्या छोट्या सेलमध्ये पारा असे. या बॅटरीच्या एका अंगाला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, त्यावर रंगीत चिकटपट्टी लावलेली असते. पट्टी काढली की बाहेरची हवा आत जाते आणि आतलं जस्त कामाला लागतं. म्हणून पट्टी काढून एक-दोन मिनिटं थांबायचं, मग बॅटरी बसवायची. घाईने बसवली तर ती हवेविना अर्धपोटी राहते. पट्टी परत चिकटवून बॅटरी वाचत नाही, तेव्हा गावाला जाताना सगळ्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या आधीच काढून ठेवायचा शहाणपणा करू नये. माझ्या एका मित्राने तो केला होता. फ्रिजमध्येही ठेवू नये, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. आणि घरात नातवंडं असतील तर वापरलेली बॅटरीसुद्धा त्यांच्या हाती लागू देऊ नये. ती गिळली तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठायचं.

1996 च्या सुमारास डिजिटल यंत्रं आली. हळू आवाज जास्त वाढवायचा, मोठा आवाज कमी, शिट्टी सुरू होताच दाबायची, अशी कामं आता यंत्रच करतं. अलीकडे चार्जिंगची यंत्रं निघाली आहेत आणि आवरणावर पाणी न धरणारा लेपही असतो. किमती मात्र अशा की कानामागून आलं आणि तिखट झालं, ही म्हण यासाठीच केली असावी. अपंगांना साधनं देण्याची केंद्र सरकारची योजना 1981 पासून आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांनी तिची चौकशी जरूर करावी.

लेप असो वा नसो, आपल्या हवेत ओल हा शत्रू आहेच. मायक्रोफोनची भोकं कानाच्या वरच्या अंगाला, केसांच्या कडेला असतात आणि घामाची धार तिथूनच उतरते. म्हणून रात्रीच्या डबीत सिलिका जेलची पुडी ठेवायची. त्यातले निळे दाणे ओल पिऊन गुलाबी होतात, काही दाणे नारिंगीचे हिरवे होतात. रंग पालटला की पुडी बदलायची. जुलैमध्ये रत्नागिरीला गेलो तर माझी पुडी पुण्यापेक्षा कितीतरी लवकर रंग बदलते.

आणखी एक. यंत्र मिळाल्याच्या दिवसापासून ते दिवसभर लावून बसू नये. बरीच वर्षं न ऐकलेले आवाज एकदम अंगावर येतात. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्रा वाजल्यासारखं वाटतं. मी पहिले आठ दिवस सकाळी तासभर, घरात शांतता असताना लावत असे, आणि बायको समोर बसून तांदूळ निवडता निवडता सावकाश बोलत असे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तुमच्या अण्णांना कुणी असं घेऊन बसलं होतं का हो?" मी तिला ते पुन्हा बोलायला लावलं. पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं, असं नाही.

अण्णांचा डबा आता माझ्या टेबलाच्या खणात असतो, सेल काढलेला, झाकण उघडं. पावसाळ्यात एक पुडी त्यातही टाकतो.